डबी वाजू नये म्हणून

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवर रोज घ्यायच्या गोळ्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डबीत मिळतात, एका डबीत तीस. नवी डबी गच्च असते. पाच-सहा गोळ्या संपल्या की ती वाजायला लागते. पिशवीत वाजते, पेटीत वाजते, एसटीत मांडीवर धरली तर प्रत्येक खड्ड्याला वाजते. घरात पाहुणे असले की त्या आवाजानं बाईचा जीव खालीवर होतो. म्हणून नव्यानं गोळ्या चालू झालेल्या बाईला मी आधी आहाराचं सांगत नाही की सीडी-फोरचं, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या मोजणीचं सांगत नाही. मी सांगते, घरी गेल्यावर डबीत कापूस घाला.

हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नाही. एका मावशीनं शिकवलं. एचआयव्हीच्या कामात पॉझिटिव्ह माणसांचा काय उपयोग, असं कुणी विचारलं की मला आधी ती मावशी आठवते, आणि मग २०१९ च्या संक्रांतीला आम्ही शोधून काढलेली एक वहिनी. त्या वहिनीची हकीकत सविस्तर सांगायची आहे. नाव-गाव सांगणार नाही, आणि ओळख पटेल असं काही आलंच तर ते मी बदललेलं आहे असं समजा.

मी बीड जिल्ह्यातली. २००५ मध्ये दुसऱ्या खेपेला दिवस गेले, दवाखान्यात नाव घातलं, रक्त दिलं आणि त्यातून कळलं. मालक ट्रकवर होते. बाळंतपणात मला नेविरापिनची एक गोळी दिली आणि बाळाला तेच औषध पाजलं. तेव्हा तेवढंच होतं. आता गरोदर बाईला कळल्या दिवसापासून तिन्ही औषधं चालू करतात आणि ती जन्मभर चालतात, बाळाची पहिली तपासणी दीड महिन्यावर होते. तेव्हा मात्र बाळ अठरा महिन्यांचं होईपर्यंत वाट बघायची. मालक त्याच्या आतच गेले. मुलाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला त्या दिवशी मी घरी येऊन बसले तर तो अंगणात कोंबडीमागं पळत होता. मी त्याला उचललं नाही. पळू दिलं.

माझ्या स्वतःच्या गोळ्या २००९ मध्ये चालू झाल्या. त्या काळात सीडी-फोर उतरल्याशिवाय गोळ्या देत नसत. माझा दोनशेच्या खाली आला तेव्हा नंबर लागला. गोळ्या देण्याआधी समुपदेशन व्हायचं आणि सोबत घरचं माणूस लागायचं, रोज आठवण करून देणारं. माझ्यासोबत कुणी नव्हतं. सासरचे बोलत नव्हते, माहेरी सांगितलं नव्हतं. बाकावर शेजारी एक पन्नाशीची बाई बसली होती. तिनं विचारलं, "संगं कोण हाय?" म्हटलं, कुणी नाही. ती म्हणाली, "मंग मी हाय की." आणि आत येऊन तिनं नात्याच्या रकान्यात 'मावशी' लिहायला लावलं.

ती पॉझिटिव्ह लोकांच्या संघटनेत होती. सरकारनं मोफत गोळ्या सुरू केल्या १ एप्रिल २००४ ला, त्याही सुरुवातीला देशभरात फक्त आठ रुग्णालयांत, मुंबईचं जे. जे. त्यांतलं एक. मावशी त्या दिवसांत रात्रीच्या एसटीनं मुंबईला जायची आणि दुसऱ्या रात्री परत निघायची. बीडहून अशा जाणाऱ्या चौघी-पाच जणी होत्या, पुढं त्या एकमेकींच्या तारखा जुळवून एकत्र जाऊ लागल्या. एकीला ताप असला तर दुसरी तिचा नंबर धरून उभी राहायची. मला विचाराल तर आमच्याकडचं सगळं काम त्या एसटीत सुरू झालं.

मावशीनं मला तीन गोष्टी शिकवल्या. कापसाची एक. दुसरी, गोळी कुठल्या तरी रोजच्या कामाला बांधायची: देवाचा दिवा लावला की गोळी, गायीची धार काढली की गोळी. घड्याळ थांबतं, गाय थांबत नाही. तिसरी, कुणाच्याही दारात सरळ जायचं नाही.

पहिल्या औषधात स्टॅव्हुडिन होतं. त्यानं तळपाय जळायचे आणि वर्ष-दीड वर्षात गाल आत जायचे. बाजारात आम्ही एकमेकींना त्या गालांवरून ओळखायचो, आणि पुढं पुढं गावातले लोकही ओळखायला लागले. ते औषध नंतर बंद झालं. माझे गाल काही पूर्ववत झाले नाहीत. आता मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण कितीतरी दारांत त्या गालांनीच माझी ओळख दिली आहे. मी काही बोलायच्या आधी समोरच्या बाईला कळायचं की ही आपल्यातली.

२०१३ मध्ये देशभर 'विहान' नावानं काळजी आणि आधार केंद्रं सुरू झाली. दुसऱ्या वर्षी मी त्यात क्षेत्रीय कार्यकर्ती म्हणून लागले. काम असं: एआरटी केंद्राकडून दर महिन्याला यादी येते. तारखेला न आलेले म्हणजे 'मिस'. तीन महिने पत्ताच नाही ते 'एलएफयू'. यादीत एआरटी नंबर, पत्ता, असला तर फोन. नोंदणीच्या वेळी ज्यांनी घरी यायला लेखी संमती दिली आहे त्यांच्याकडेच आम्ही जातो. कागदावर या कामाला 'ट्रॅकिंग' म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. माग काढतात चोराचा किंवा जनावराचा.

पहिल्याच महिन्यात माझ्या हातून चूक झाली. यादीतल्या एका मुलीला फोन लावला. पलीकडून बाईचा आवाज आला. कोण बोलतंय ते मी विचारलं नाही. "तुमची गोळ्यांची तारीख होऊन गेली, केंद्रात या," एवढं बोलून गेले. पलीकडं तिची नणंद होती. कसल्या गोळ्या, कसलं केंद्र, असं तिनं विचारलं आणि मी घाबरून फोन कट केला. तेवढ्यावरून घरात उलथापालथ सुरू झाली, धान्याच्या कणगीत डबी सापडली आणि आठवड्याच्या आत ती मुलगी माहेरी पोचती झाली. मी तिच्या माहेरी गेले. वडिलांनी तांब्याभर पाणी दिलं, मी प्यायले, आणि मग ते म्हणाले, "बाई, आता तेवढं येऊ नका." ती मधल्या घरात होती. तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. ती आमच्या केंद्रात परत कधी आली नाही.

एचआयव्हीचा कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. माणसाच्या संमतीशिवाय त्याचं एचआयव्हीचं कुणाला सांगता येत नाही, असं त्यात आहे. चांगलाच आहे कायदा. मी मात्र तो त्या मधल्या घराच्या बाहेर बसून शिकले. तेव्हापासून फोनवर आधी फक्त "राम राम, ओळखलं का?" आवाज ओळखीचा वाटला तरच पुढचं बोलणं, नाहीतर "बचत गटातून बोलतेय, ताई घरी हायेत का?"

गावात जायचंही तसंच. पाटी लावलेली गाडी न्यायची नाही. फाट्यावर उतरून चालत जायचं, खांद्याला पिशवी, हातात गटाची वही. गट मी खरोखरच चालवते, खोटं नको म्हणून. ज्या घरी जायचं त्याच्या आधी दोन घरी बसायचं, नंतर एका घरी बसायचं. अर्ध्या तासाच्या भेटीला अर्धा दिवस जातो.

लोक म्हणतात, गावात आशाताई असते, तिच्याकडून का करून घेत नाही? गरोदर बाईला गाडीत घालून रात्री-बेरात्री दवाखान्यात पोचवणाऱ्या आशा मी पाहिल्या आहेत, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण आशाताई त्याच गावची सून असते. तिची सासू पेशंटच्या सासूबरोबर भजनाला बसते. आपलं गुपित आशाताई कुणाला सांगेल असं बाईला वाटत नसतं; तिला भीती असते ती आशाताई आपल्या दारात नेहमीपेक्षा जास्त वेळा दिसली तर लोक काय म्हणतील याची. काही गावांत पेशंटनं स्वतःहून आशाताईला सांगितलंय आणि तिथं मला जावंही लागत नाही. पण ते सांगणं बाईच्या मनावर सोडायचं.

एसटीचंही असंच. साध्या गाडीत आमच्या आजाराला प्रवास मोफत आहे. पण कार्ड कंडक्टरच्या हातात द्यावं लागतं, आणि कंडक्टर पलीकडच्या गावचा असतो. बऱ्याच जणी मुकाट तिकीट काढतात.

आता वहिनी.

२०१८ चा दुष्काळ आमच्याकडच्या कुणाला विसरायचा नाही. ऑक्टोबरअखेर सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, पण आमच्या डोंगरपट्ट्यातल्या वस्त्या त्याआधीच ऊसतोडीला निघाल्या होत्या. वहिनी तिशीची, नवरा-बायको दोघंही पॉझिटिव्ह, दोघांच्याही गोळ्या चालू, दोन मुलं निगेटिव्ह. घरी सासू, तिला काही माहीत नाही असं वहिनी सांगायची. दिवाळीआधी येऊन दोन महिन्यांच्या गोळ्या घेऊन गेली होती. डिसेंबर संपला तरी दोघंही केंद्रात फिरकले नाहीत. जानेवारीच्या यादीत दोघांचे नंबर 'मिस'मध्ये. फोन बंद.

वस्तीवर गेले तर अकरा घरांतल्या आठांना कुलूप. म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि शेळ्या, एवढंच. तिची सासू दारात बाजरी निवडत होती. गटाच्या हप्त्याचं निमित्त काढलं. ती म्हणाली, "वाळव्याकडं गेल्यात. मुकादम अमक्या गावचा." कारखाना तिला माहीत नव्हता. मुकादमाच्या गावी जाऊन त्याच्या बायकोकडून टोळीचा फड कुठल्या बाजूला आहे ते कळलं. तिथून पुढं माझा रस्ता संपला. वाळवा सांगली जिल्ह्यात, तो जिल्हा माझा नाही. पण तिकडं माझी एक ताई आहे.

या ताईची आणि माझी ओळख एका शिबिरात झाली. सांगलीत नव्वदीच्या दशकात धंद्यातल्या बायकांनी स्वतःच एकमेकींना निरोध वाटायला सुरुवात केली होती, १९९६ मध्ये त्यांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. ताई म्हणते, दार कसं वाजवायचं हे मी त्या बायकांना बघून शिकले. मी फोन केला तेव्हा संक्रांत चार दिवसांवर होती. ती म्हणाली, "बरं झालं आत्ता सांगितलंस. तिळगूळ घेऊन जाते."

पंधरा जानेवारीला संध्याकाळी ती फडाजवळच्या तळावर गेली. शेतात कोप्यांच्या, म्हणजे झोपड्यांच्या दोन रांगा, पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या. बाया पहाटे तीन-चारला उठून ऊस तोडतात, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवतात आणि अंधार पडताना परत येऊन चूल पेटवतात. म्हणून ती अंधारातच गेली. पहिल्या कोपीपासून सुरुवात केली. हळद-कुंकू, तिळगूळ, वाण म्हणून एकेक साबणाची वडी. प्रत्येक बाईशी दोन शब्द, कुठल्या गावच्या, पोरं किती. कुणी एकीला शोधत आलीय असं वाटू नये म्हणून तिनं एकही कोपी सोडली नाही. वहिनी दुसऱ्या रांगेत सापडली. ताईनं तिला कुंकू लावताना कानाशी वाकून म्हटलं, "बीडच्या कापूसवाल्या ताईनं निरोप धाडलाय."

वहिनी हळूच म्हणाली, "कापूस हाय. गोळ्या न्हाईत."

ताईनं मला हे रात्री फोनवर सांगितलं तेव्हा आम्ही दोघी थोडा वेळ काहीच बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी ताईच्या फोनवरून वहिनी माझ्याशी बोलली. गोळ्या डिसेंबरच्या मध्यालाच संपल्या होत्या. त्याआधीही रोज घेतल्या नव्हत्या. त्या वेळच्या गोळीत एफाव्हिरेन्झ असायचं. रात्री घेतली की डोकं गरगरतं, वेडीवाकडी स्वप्नं पडतात. घरी झोपून जाता येतं. फडावर मात्र रात्री दोनला गाडी भरायला हाक आली की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचं असतं. "ताई, फळी हालती का मी हालते तेच कळंना. मंग गाडी आसल त्या रातीची गोळी सोडायची." केंद्रात गोळी देताना आम्ही तिला रात्री झोपताना घ्या असं सांगितलं होतं. झोपायला कधी मिळतं हे मी विचारलं नव्हतं. हा माझाच दोष. त्या वर्षापासून तोडीला जाणाऱ्या प्रत्येकीला मी आधी गाडीच्या वेळा विचारते.

सांगलीच्या केंद्रात जाऊन का नाही आणल्या? एक तर खाडा. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. एकानं दांडी मारली तर दोघांचा दिवस जातो आणि मुकादम वर पैसे कापतो. आगाऊ घेतलेली उचल तर डोक्यावर असतेच. दुसरं, हिरवं पुस्तक घरी राहिलं होतं. हिरवं पुस्तक म्हणजे पेशंटचं एआरटीचं पुस्तक: कुठल्या गोळ्या, कधी दिल्या, वजन, सीडी-फोर, सगळी नोंद त्यात. कोपीला दार नसतं, कडी नसते, शेजारची सगळी आपल्याच गावची. तिथं ते पुस्तक ठेवायचं कुठं? म्हणून ती ते पेटीत तळाशी, लुगड्याच्या घडीत ठेवून आली होती. नंबर माझ्या यादीत होता, पण तिकडच्या समुपदेशकाचं म्हणणं पडलं की पुस्तक बघितल्याशिवाय औषध कसं देऊ. बरोबरच होतं त्यांचं.

मग मी परत वस्तीवर गेले. आता सासूला काय सांगायचं? रस्ताभर विचार करून ठरवलं की वहिनीचं आधार कार्ड मागायचं आणि पेटी मीच उघडायची.

म्हातारीनं ऐकून घेतलं. उठली, आत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हातात लुगड्याचं गाठोडं. माझ्यासमोर बसून तिनं घडी उलगडली आणि पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. हिरवं पुस्तकच. आधार कार्ड नव्हे.

"ह्येच पायजे ना?"

मला काही बोलता येईना.

"मला वाचाया येत न्हाई, बाई. पर थोरला लेक असाच गेला. तवा गोळ्या न्हवत्या. ह्या दोघांच्या गोळ्या चालू झाल्या तवाच मी वळकलं."

मी विचारलं, मग सुनेला कधी म्हणाला नाहीत?

"ती माज्यापासून लपविती, तिला त्येवढाच आधार. मी बोलले तर ती कुणापासून लपवंल?" थोडं थांबून म्हणाली, "तिनं डबीत कापूस घातलेला आसतो, पर येवढुसा. वाजायचीच डबी. ती शेतात गेली की मी वाढवून ठिवायची. तिला वाटलं आसंल, फुगतोय कापूस."

मी पुस्तक पिशवीत घातलं. तिनं दोन भाकरी आणि तिळाची चटणी बांधून दिली. निघताना म्हणाली, "तिला सांगू नका हां." मी म्हटलं, नाही सांगत. आमच्या कामात गुपित पेशंटचं असतं. त्या दिवशी पहिल्यांदा पेशंटपासून राखायचं गुपित माझ्याकडं आलं.

फाट्यावर येऊन पानांचे फोटो ताईला पाठवले आणि पुस्तक स्पीड पोस्टानं तिच्या नावावर टाकलं. पंधरवड्याच्या बाजाराच्या दिवशी टोळीला सुट्टी असते, त्या दिवशी ताई दोघांना घेऊन केंद्रात गेली. तिथं नेहमीचे चार प्रश्न झाले: खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलंय का, रात्री घाम येतो का. वहिनीचं चारही प्रश्नांना हो. थुंकीची सीबीनॅट तपासणी केली, टीबी निघाला.

ती आली तेव्हाच्या वजनाची नोंद मी नंतर पुस्तकात पाहिली. दिवाळीपासून सात किलो उतरलं होतं, आणि ती रोज मोळ्या उचलत होती.

घरी परत जा म्हणून सांगणं सोपं होतं. उचल फिटल्याशिवाय मुकादम सोडणार नव्हता आणि घरी दुष्काळ होता. ताईनं मुकादमाशी बोलायचं ठरवलं, पण काय बोलायचं ते वहिनीला विचारून. वहिनी म्हणाली, "टीबीचं सांगा. टीबीचं सांगितलं तर चालतं." आणि खरंच चाललं. मुकादमानं कुरकुर केली, पण गाडी भरण्यातून तिला दीड महिना वगळलं. तिच्या जागी नवऱ्यानं जास्तीच्या मोळ्या चढवल्या. शेजारच्या कोपीतल्या एका बाईनं, जिला फक्त टीबीचंच माहीत होतं, रोज सकाळी "गोळी झाली का?" अशी हाक मारायचं काम स्वतःहून अंगावर घेतलं. वहिनी दोन्ही आजारांच्या गोळ्या त्या एका हाकेच्या आडोशाला घेऊ लागली. डबी आता उघड वाजली तरी चालणार होतं.

हे मी पुढं अनेकदा पाहिलं. टीबी झाल्याचं बाई सांगू शकते, त्यावर शेजारीण दूध आणून देते, अंडं आणून देते. एचआयव्हीचं सांगितलं तर तीच शेजारीण आपलं भांडं वेगळं करते. औषधानं तर दोन्ही आवाक्यात आलेत. सांगण्याच्या बाबतीत मात्र आम्ही अजून मागंच आहोत आणि मला त्याची चीड येते.

ताई दर आठवड्याला जात राहिली. कधी पोरांसाठी वह्या घेऊन, कधी नुसतीच ऊस खायला आलेय म्हणून. तिच्या मासिक अहवालात ही सगळी खटपट 'संपर्क झाला' या रकान्यात मावली आणि माझ्या अहवालात 'परत आणले: २'. मी त्या दोनच्या आकड्याकडं बराच वेळ बघत बसले होते.

एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं, टोळी परतली. वहिनी केंद्रात आली तेव्हा तोंडावर तेज नव्हतं, पण पाय टेकत होते. टीबीचा कोर्स तिनं घरी पूर्ण केला. पुढच्या हिवाळ्यात व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याची तपासणी झाली. रिपोर्टवर आकडा नव्हता, 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' असं होतं. मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हंजी गेला?" म्हटलं, "गेला नाही, झोपलाय. गोळी चालू आहे तोवर झोपूनच राहील, आणि दोघांचाही असा झोपलेला असला तर तुझ्यापासून मालकाला किंवा त्यांच्यापासून तुला तो नव्यानं लागायचा नाही." ती कागद घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवायला लागली, मग थांबली आणि म्हणाली, "ह्यो कागद तर लपवायची गरज न्हाई ना? ह्याच्यावर तर काय न्हाईच."

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा टोळ्या कारखान्यांवरच अडकल्या. या वेळी वहिनीचं पुस्तक तिच्याजवळ होतं आणि ताईचा नंबर पाठ होता. तिकडं ताईनं तळावर जाऊन गोळ्या दिल्या, इकडं मी स्कूटीवरून चार तालुक्यांत. डब्यांवरची कागदं काढून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून. नाक्यावर पोलिसांनी पिशवी उघडायला लावली की सांगायचं, बीपी-शुगरच्या गोळ्या, म्हाताऱ्या माणसांच्या. एका हवालदारानं डबी हातात घेऊन हलवली. कापूस होता. वाजली नाही. त्यानं जाऊ दिलं.

त्यानंतर गोळी बदलली, टीएलडी आली. तिनं गरगरत नाही, दिवसा कधीही घेता येते. तोडीच्या बायांसाठी ही किती मोठी गोष्ट आहे हे फळीवर चढलेल्या बाईलाच कळेल. वहिनी आता सकाळी फडावर पोचल्यावर पहिल्या चहाबरोबर घेते.

सासू-सुनेनं एकमेकींना अजून सांगितलेलं नाही. मी दोघींकडं बसते, दोघींचा चहा पिते.

यंदा दसऱ्यानंतर मी वस्तीवर गेले तर वहिनी शेतात होती. म्हातारी ओसरीवर बसली होती, आता तिला नीट दिसत नाही. माझा आवाज ओळखून तिनं जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "औंदा वाळव्याकडं न्हाईत जायचे. मुकादम बदललाय. कर्नाटकात चाललेत, बेळगावाच्या अंगाला. तिकडं हाय का तुमचं कुणी?"

मी म्हटलं, बघते. फाट्यापर्यंत चालत येता येता ताईला फोन लावला. ती म्हणाली, निपाणीची एक बाई आहे, तंबाखूच्या वखारीत होती, आता आपल्यासारखंच काम करते. नंबर पाठवते. मराठी बोलते.